‘आम्हाला त्यातलं कळत नाही’

जुनी पेटी मोबाइलवर विकायला काढायची, खाली ‘एकदम चालू’ लिहायचं आणि तक्रार आली की ‘आम्हाला त्यातलं कळत नाही’ म्हणायचं. मी याला भाबडेपणा मानत नाही. कळत नव्हतं, तर ‘एकदम चालू’ कशाच्या जोरावर लिहिलं? आणि किंमत सांगताना हे अज्ञान कुठे जातं?

एका विक्रेत्याला मी विचारलं, भाता हवा धरतो का? उत्तर आलं, “पट्ट्या सगळ्या आहेत, पॉलिशही नवं आहे.”

फोटोत पॉलिशच दिसतं. गळका भाता, बेसूर रीड दिसत नाही. सतारीचा भोपळा पुढून देखणा, तडा मागे. जवारी तर ऐकल्याशिवाय कळतच नाही. पाथरी-गंगाखेडच्या भजनी मंडळाने किंवा कव्वालाने वर्गणी काढून असं वाद्य मागवलं, तर भुर्दंड कोणाला?

मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी, मुस्लिम कारागिरांनी, पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवल्या. त्यांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुठलीही सतार ‘अस्सल मिरज’ म्हणून खपवणं हा त्या हातांचा अपमान आहे.

कळत नसेल तर ‘जाणकाराला दाखवलेली नाही’ असं लिहा, आणि किंमतही तशीच लावा. घेणाऱ्यांनो, व्हिडिओ मागा: भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडायचा. लगेच बसला तर गळती आहे. व्हिडिओ द्यायला का-कू करणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.