वहीतील रकाना

दाभोळहून धोपाव्यास जाणाऱ्या फेरीबोटीत परवा एक मुलगा मोबाइलवर बंदर वसविण्याचा खेळ खेळत होता. गलबत धक्क्यास लागे, अंगठ्याच्या दाबासरशी माल उतरे आणि मोहरांचा आकडा चढे. ते पाहून शेजारचे एक विद्वान गृहस्थ खेदाने म्हणाले, की वंशद्वेषाच्या इतिहासाचेही आता असेच खेळ निघतात, आणि पीडितांची ती दुसरी विटंबना होय.

हा आक्षेप निराधार नाही. एका डॅनिश खेळात गुलामांची शरीरे जहाजाच्या तळाशी टेट्रिसच्या ठोकळ्यांप्रमाणे रचावयाची होती. २०१५ साली त्यावर एवढा क्षोभ उसळला, की कर्त्यांना तो भाग काढून टाकावा लागला. परंतु तेथे दोष खेळण्याचा नव्हता. माणसे दाटीने रचण्यालाच गुण ठेवले, हा होता. याउलट ‘माफिया ३’ या खेळात, १९६८च्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतील एका कल्पित शहरात, आपण कृष्णवर्णीय नायक होऊन गोऱ्यांच्या काही दुकानांत नुसते पाऊल टाकले, तरी मालक चालते होण्यास फर्मावतो. ग्रंथात जो अपमान आपण दुसऱ्याचा म्हणून वाचतो, तो येथे आपल्याच वाटेत उभा राहतो.

‘माणसांच्या व्यापाराचे ते पाप परक्यांचे’ असे म्हणणाऱ्याने दाभोळच्या याच खाडीकडे पाहावे. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन याने दाभोळास अरबस्तान-खुरासानचे घोडे येतात असे नोंदले, आणि येथून खुष्कीने महिनाभराच्या वाटेवर असलेल्या बीदरच्या बाजारात काळी माणसे विकत मिळतात, हेही त्याच लेखणीने लिहिले. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर असाच या हातून त्या हाती विकला जात दख्खनेत आला. त्याचा जमीनधारा आम्हांस ठाऊक आहे, त्याची विक्री मात्र आम्ही एका वाक्यात उरकतो.

म्हणून माझे मागणे असे, की कोणी तरी दाभोळचा खेळ रचावा, आणि त्यात खेळणाऱ्यास ना सरदार करावे ना दर्यावर्दी. त्याला सुभ्याचा कारकून करून घोड्यांच्या तांड्याबरोबर बीदरास धाडावे. हाती वही द्यावी. तीत जिन्नस, नग व किंमत एवढेच रकाने असावेत. घोडे लिहून व्हावेत, रेशीम लिहून व्हावे, आणि मग समोर एक पोर येऊन उभे राहावे. त्याचे नाव विचारण्याची मुभा असावी, ते त्याने सांगावेही; पण ते लिहावयास वहीत जागा नसावी. नोंद केल्याखेरीज तांडा पुढे सरकू नये, आणि नोंद केल्यावर गुणांचा आकडा जागचा हलू नये.