पूजा आयुधाची, पारख आयुधाची

नवरात्राचे घट उठण्याचा दिवस जवळ आला की खानदेशातील घराघरांत एक निराळी लगबग सुरू होते. वर्षभर कोपऱ्यात पडलेली अवजारे ओसरीवर येतात. केळीच्या बागेतला कोयता घासूनपुसून लख्ख होतो. सुताराची पटाशी, शिंप्याचे यंत्र, वाण्याचा तराजू, विद्यार्थ्याची पुस्तके अशी सारी आयुधे पाटावर मांडली जातात आणि त्यांना गंध, फूल व अक्षता वाहिल्या जातात. हीच आपली खंडेनवमी. ज्याच्या आधाराने आपण जगतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे, हा या दिवसाचा भाव आहे, आणि तो फार मोलाचा आहे, असे आम्ही मानतो.

यंदा आमच्या यावलच्या घरी या पाटाशेजारी एक नवखे आयुध उभे राहणार आहे. ते म्हणजे आमच्या पुतण्याची डोंगरात चालवायची सायकल. ही सायकल त्याने दुकानातून तयार आणलेली नाही. कार्बनच्या तंतूंची फ्रेम परदेशातून मागवून, चाके, चिमटा, हँडल, ब्रेक, गिअर असा एकेक भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवून त्याने ती आपल्या हातांनी जोडली. फ्रेमचे वजन अवघे सव्वा किलो. आमच्या तरुणपणीची काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे वाचकांस या वस्तूचे नवल कळेल. सारा खर्च मात्र एका मोटारसायकलीइतका झाला. त्यावरून घरात जे बोलणे व्हायचे ते झालेच, ते येथे सांगत बसत नाही.

आज आम्ही लिहीत आहोत ते गेल्या वर्षीच्या खंडेनवमीस जे घडले त्याविषयी. पूजेच्या पाटावर आपली सायकल असलीच पाहिजे, या हट्टाने पुतण्याने अष्टमीच्या रात्री घाईघाईने जोडणी पुरी केली. सीटची दांडी नळीत बसवताना त्याने लोखंडी सायकलीच्या सवयीने साधे ग्रीस लावले. दांडी घसरू लागली. म्हणून त्याने कड्याचा बोल्ट आवळला. तरी घसरली. आणखी आवळला. शेवटी दांडी बसली. सकाळी आम्ही सर्वांनी त्या सायकलीस हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीस, सीमोल्लंघन म्हणून तो सातपुड्याच्या पायथ्याकडे निघणार होता.

तो निघण्याच्या तयारीत असताना आमच्या मातोश्रींनी विचारले, “परवा रात्री कट्कन आवाज झाला, तो कशाचा रे?” तो म्हणाला, “काही नाही आजी, पाना सटकला.” त्या म्हणाल्या, “घटाचं मडकं घेताना आम्ही बोटानं वाजवून घेतो. तू एवढी मोलाची वस्तू नुसती डोळ्यांनी पाहिलीस?” त्याने हसून ते बोलणे टाळले असते. परंतु गल्लीच्या टोकाशी चाळीस वर्षे सायकली दुरुस्त करणारे मिस्त्री सोने द्यायला त्याच वेळी घरी आले होते. त्यांनी खिशातले नाणे काढले आणि फ्रेमच्या नळीवर वरपासून खालपर्यंत हलकेच वाजवले. सगळीकडे आवाज खणखणीत आला. सीटच्या कड्याखाली मात्र तो बसका आला. दांडी काढून पाहिली, तेव्हा कड्याच्या आड केसासारखी बारीक चीर दिसली.

म्हणजे आदल्या दिवशी आम्ही हळदकुंकू वाहिले होते ते तडा गेलेल्या नळीवर. तशीच ती सायकल उतारावर वेगात असती आणि नळी दुभंगली असती तर काय प्रसंग ओढवला असता, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. मातोश्री म्हणतात, देवीने राखले. आम्हीही तेच म्हणतो. परंतु देवीने राखले ते कोणाच्या द्वारे? आजीच्या कानाच्या आणि मिस्त्रींच्या नाण्याच्या द्वारे. आमच्या पूजेत जे राहून गेले होते, ते त्या दोघांनी पुरे केले.

येथे आम्हांस महाभारतातील विराटपर्वाचे स्मरण होते. आमच्या यावल नगरीत महर्षी व्यासांचे मंदिर आहे. गुरुपौर्णिमेस तेथे भाविकांची रीघ लागते. त्याच व्यासांनी सांगितलेली शमीवृक्षाची कथा दसऱ्याला प्रत्येक घरी सांगितली जाते. तिचा एक भाग मात्र सांगायचा राहून जातो. अज्ञातवासास जाताना पांडवांनी शस्त्रे झाडावर ठेवली, ती तशीच ठेवली नाहीत. आधी त्यांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. ताणलेले धनुष्य वर्षभर तसेच राहिले तर त्याचा जोम जातो, हे जाणणाऱ्याचेच ते काम. पुढे अज्ञातवास संपताना राजपुत्र उत्तर त्या झाडावर चढला आणि एकेक शस्त्र कोणाचे म्हणून विचारू लागला, तेव्हा बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने प्रत्येकाची ओळख सांगितली आणि मगच गांडीव हाती घेऊन त्यास दोरी चढवली. आधी ओळख, नंतर वापर, आणि वापर नसेल तेव्हा निगा, हा क्रम त्या कथेत आहे. आपण शमीची पाने पूजली, आपट्याचे सोने वाटले, परंतु तो क्रम विसरलो. मग दसऱ्याचे काय उरले?

नव्या वस्तूंच्या बाबतीत तर हा क्रम विसरून चालतच नाही. लोखंड बोलके असते. ते आधी वाकते, मग तुटते. वाकलेला चिमटा सरळ करून आपण वर्षानुवर्षे सायकली चालवल्या. कार्बनची रीत निराळी आहे. केसाहून बारीक तंतूंचे थर राळेत भिजवून, साच्यात बसवून, उष्णता व दाब देऊन ही नळी घडवतात. तंतूंच्या दिशेने ती पोलादास हार जाणार नाही. परंतु बाहेरून चिरडली, आवळली वा दगडावर आपटली, तर आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरून काही दिसत नाही. ती वाकून इशारा देत नाही. म्हणूनच अशा सायकलीच्या प्रत्येक बोल्टास किती जोर द्यावा याचा आकडा ठरलेला असतो. आमच्या पुतण्याच्या सीटच्या कड्यास ती मर्यादा ५ न्यूटन-मीटर होती. तो जोर आकड्यात दाखवणारा पाना बाजारात मिळतो. दांडी घसरू नये म्हणून ग्रीस नव्हे, तर बारीक खरखरीत कणांचा लेप लावायचा असतो, म्हणजे थोड्या जोरातच पकड येते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने तो आवळत गेला, आणि जेथे लेप हवा होता तेथे बळ लावून बसला. संसारातही असे कितीदा घडते!

जोडणीचे दुसरे अंग म्हणजे मापे. लग्न ठरवताना आपण गुण जुळवतो, त्याहून हे जुळवणे कठीण, कारण येथे तडजोड नाही. फ्रेमच्या मागच्या टोकांतील अंतर १४८ मिलिमीटर असेल तर १४२ चे चाक त्यात नीट बसत नाही. चिमट्याची नळी वर सरळ व खाली रुंद होत गेलेली असेल तर छऱ्यांच्या वाट्याही तशाच लागतात. पायडलच्या धुरीची उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, ती नेहमीसारखी फिरवली तर आटेच खराब होतात. ही शेवटची गोष्ट आमच्या मिस्त्रींस न सांगता ठाऊक होती, कारण काळ्या सायकलीतही तीच रीत. जुने ज्ञान नव्या वस्तूत कसे उपयोगी पडते, याचे हे उदाहरण तरुणांनी ध्यानी ठेवावे. तसेच आपल्या हाताचा अंदाज पुरेसा नाही, आकडा पाहिला पाहिजे, हे मिस्त्रींनीही मोकळ्या मनाने मान्य केले, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

डोंगरात सायकल नेण्याचा हा छंद जन्मला तोही असाच हात काळे करून. १९७०नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या, जड, रुंद टायरच्या सायकली घेऊन टेकडीच्या कच्च्या वाटेने सुसाट उतरत. १९७६पासून त्यांच्या शर्यती होऊ लागल्या. एका उतरणीतच मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई. मग चाक उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या उताराचे नावच ‘पुन्हा ग्रीस भरणे’ या अर्थाचे पडले. १९७७ साली त्यांच्यातीलच जो ब्रीझ याने खास या कामासाठी फ्रेम घडवली. पुढे १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. आज कार्बनच्या फ्रेम बव्हंशी चीन व तैवान येथे घडतात. वस्तू कितीही पालटली, तरी उतरल्यावर ती उघडून पाहण्याची ती पहिली शिस्त सुटता कामा नये.

येथे कोणी म्हणेल, ज्या तालुक्यात फैजपूर आहे तेथे बसून तुम्ही परदेशी फ्रेमचे कौतुक कसे करता? आक्षेप रास्त आहे. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपुरास झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साधनांनी तो सारा परिसर सजवला. तेथील ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन स्वतः गांधीजींनी केले. त्या स्मृतीस आम्ही वंदन करतो. परंतु आम्हांस असे वाटते की स्वदेशीचा प्रश्न वस्तू कोठे घडली एवढ्यावर संपत नाही. तिचे ज्ञान कोणाच्या हाती आहे, हाही त्याचा तितकाच मोठा भाग आहे. देशात बनलेली मोटारसायकल घेऊन जो तिचा ब्रेक कसा कसतात हे जाणत नाही, तो त्या वस्तूचा धनी नसून गिऱ्हाईक आहे. उलट परदेशी फ्रेम आणून जो तिचा स्वभाव शिकला, त्याने एक विद्या गावात आणली. बांबू तरी काय आहे? निसर्गाने घडवलेली तंतूंची नळीच. पुण्यात अलीकडे बांबूच्या चौकटीच्या सायकली हाताने घडवण्याचा उद्योग उभा राहिला, तो अशाच जाणत्या हातांमुळे. आज जोडणारा हात उद्या घडवणारा होईल, अशी आशा का धरू नये? तूर्त मात्र स्वदेशीचे देणे शिल्लक आहे, हे आम्ही लपवीत नाही.

दुसरा आक्षेप सीमोल्लंघनाविषयी. सातपुडा आपला आहे. नवरात्रात मनुदेवीच्या दर्शनास त्याच्या कुशीत गर्दी लोटते. परंतु त्या डोंगरात १९६९ साली स्थापन झालेले यावल अभयारण्यही आहे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे. तेथील वाटा वन्य जीवांच्या आहेत. पूर्वी राजे परमुलुखावर चाल करून जात, म्हणून आजच्या तरुणाने वनखात्याच्या परवानगीवाचून चाके घेऊन अरण्यात शिरावे, असा दसऱ्याचा अर्थ कोणी काढू नये. बागांच्या कडेच्या शेतरस्त्यांवर व पायथ्याच्या गाडवाटांवर पुष्कळ जागा आहे. आपल्या भीतीची व आळसाची सीमा ओलांडावी, दुसऱ्याच्या घराची ओलांडू नये.

ती फ्रेम पुढे शहरातील एका जाणकाराकडे गेली. त्याने खराब थर घासून काढले आणि नवे थर चढवले. त्यात पैसे गेले आणि कित्येक महिने गेले. या महिन्यांत पुतण्या पुष्कळ शिकला. यंदा त्याने घाई केली नाही. गेले पंधरा दिवस तो रोज एकच भाग जोडतो, आकडा पाहतो, वहीत लिहितो. मिस्त्री संध्याकाळी येऊन बसतात. मातोश्री अधूनमधून येऊन ती नळी बोटाने वाजवून जातात आणि आम्हांकडे पाहून हसतात. या पंधरा दिवसांत त्या ओसरीवर जे चालले आहे तेही पूजाच आहे, असे म्हटल्यास धर्मज्ञांनी आम्हांस क्षमा करावी.

वाचकहो, तुमच्या घरी कार्बनची सायकल नसेल. मोटारसायकल असेल, ट्रॅक्टर असेल, विहिरीवरचा पंप असेल, मुलीची शाळेत जायची साधी सायकल असेल. उद्या त्यांस हार घालण्याआधी एवढे करावे. ब्रेक दाबून पाहावा. टायर बोटांनी चाचपावा. पंपाच्या तारेचे आवरण कोठे सोलले आहे का ते पाहावे, पण त्याआधी मुख्य बटण बंद करावे. सैल असेल ते कसावे, फार कसले असेल ते सैल करावे, आणि आपणांस कळत नसेल ते कळणाऱ्यास विचारण्याची लाज धरू नये. एवढे झाल्यावर मग गंध लावावे, फूल वाहावे, नारळ वाढवावा.

ज्या वाहनावर आपली लेकरे घराबाहेर पडतात, ते त्यांना सुखरूप घरी परत आणो, हीच आम्ही या विजयादशमीस देवीच्या चरणी प्रार्थना करतो.