‘कोसला’: दोष एकट्या शहराचा नाही




‘कोसला’ म्हणजे खेड्यातल्या मुलाला शहराने बिघडवल्याची गोष्ट, हे गेल्या अंकातल्या पत्राचे म्हणणे मला या कादंबरीवर अन्याय करणारे वाटते. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 सालच्या या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या मोहजालात अडकून घसरत नाही. उलट तो हौसेने वसतिगृहातल्या आणि कॉलेजातल्या जबाबदाऱ्या अंगावर घेतो. त्यांचा भुर्दंड त्यालाच बसतो, अभ्यास मागे पडतो आणि वडिलांचा विश्वासही उडतो. त्याला महागात पडतो तो भलेपणा. आणि सगळ्यात खोल घाव पुण्यात बसतच नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते ती सांगवीत, त्याच्या गावी, घरच्या माणसांत. शहर हेच पडझडीचे कारण असते, तर गावी परतल्यावर त्याला उभारी यायला हवी होती. तिथेही त्याच्या वाट्याला वडिलांची हुकमत आणि रिकामे दिवसच येतात.

‘असे तर अनेकांचे होते, त्याचे एवढे कौतुक कशाला?’ हा पत्रातला दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण पांडुरंग स्वतःसाठी दया मागत नाही. रोजनिशीतून, इतिहास-संशोधनाच्या विडंबनातून तो स्वतःलाही तपासत राहतो, पडझडीतला आपला वाटा लपवत नाही. अपयशाचे उदात्तीकरण करणाऱ्या लेखकाने त्याला असा बोलका आणि निर्दय आत्मपरीक्षक केला नसता.