पेढीची संगणकीय किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात; एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे उपस्थित असल्याखेरीज तिजोरी उघडत नाही, आणि बदली झाली की किल्ली कोणी कोणास सोपवली याची नोंद रजिस्टरात होते. नोकरीत असताना या सोपस्काराचा मला कंटाळा येई. निवृत्तीनंतर एका परिचितांच्या पेढीवर जे पाहिले, त्यानंतर तो येत नाही.

कापडाचा घाऊक व्यापार, तीन भावांचे एकत्र कुटुंब. कार्यालयातील सर्व्हरवर खरेदीचे भाव, उधारीच्या याद्या, जीएसटीची कागदपत्रे. कर सल्लागार, परगावची शाखा, गोदाम, सारे एफटीपीने तेथूनच फाइली घेत. माणसे नऊ, पण सर्वांना मिळून युजरचे नाव एक आणि पासवर्डही एकच, पेढीचे नाव व स्थापनेचे वर्ष.

एके सकाळी उधारीची यादी पुसलेली आढळली. सर्व्हर प्रत्येक प्रवेशाची नोंद ठेवतो. ती उघडली, तर सगळीकडे तेच एक नाव! संशय गेला तो बावीस वर्षे चोपड्या लिहिणाऱ्या मुनीमजींवर, कारण आदल्या सायंकाळी उशिरापर्यंत तेच बसले होते. त्यांनी सारे निमूट ऐकून घेतले. चौथ्या दिवशी कोणीतरी नोंदीतील इंटरनेटचा पत्ता ताडून पाहिला. तो शाखेचा निघाला. तेथील नवख्या मुलाने जुनी यादी समजून ती पुसली होती. यादी बॅकअपमधून परत मिळाली. मुनीमजी मात्र दिवाळीनंतर पेढीवर आले नाहीत.

एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये मांडला तो आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी, अमेरिकेत एमआयटीत असताना. त्या काळी संगणकांच्या जाळ्यात मोजकीच यंत्रे होती, तीही बहुतांशी विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची. साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. तिजोरीचा आकडा पोस्टकार्डावर लिहून धाडावा तसे. म्हणून आता एसएफटीपी वापरावे. त्यात सारा मजकूर सांकेतिक रूपात जातो.

पण खरी दुरुस्ती त्याहून साधी आहे. प्रत्येकास स्वतंत्र युजर द्यावा आणि त्यास त्याच्या कामाचेच फोल्डर दिसावे. कर सल्लागारास जीएसटीचे फोल्डर पुरे. खरेदीचे भाव त्यांनी का पाहावेत? शाखेने यादी वाचावी, पुसण्याचा अधिकार नसावा. हे सारे सर्व्हरवर ठरवता येते आणि जाणकारास अर्ध्या दिवसाचे काम आहे. पासवर्ड लांब असावा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा. आमच्या बँकेत तो वरचेवर सक्तीने बदलायला लावत. परिणामी निम्मे कर्मचारी तो कीबोर्डखाली चिकटवत. (मीही त्यात होतो.) तेव्हा बदलावा तो फुटल्याची शंका येताच.

थोरले बंधू म्हणाले, ‘‘साहेब, घरच्याच माणसांना वेगवेगळ्या किल्ल्या? भावांत अविश्वास दिसेल.’’ मी त्यांना पासवर्ड ठाऊक असलेल्या सर्वांची नावे कागदावर लिहावयास सांगितली. त्यांनी नऊ लिहिली. धाकट्यांनी कागद पाहून आणखी चार घातली. त्यांतील दोघे नोकरी सोडून गेलेले होते आणि एकाने समोरच्याच गल्लीत स्वतःचे दुकान थाटले होते. थोरल्यांनी त्याच दुपारी संगणकवाल्यास बोलावून घेतले.