ड्रायर पुन्हा फिरेना, तेव्हा काय पाहावे?

श्रावणाची झड लागली की अंगणातली दोरी रिकामी राहते आणि घरात ओल्या कपड्यांचा ढीग साचतो. अशा दिवसांत धुलाई यंत्राच्या ड्रायरचा मोठा आधार असतो. खरे तर तो कपडे वाळवत नाही, गरगर फिरवून त्यांतले पाणी झटकतो. मध्येच झाकण उघडले, कपडे सारखे केले, झाकण लावले आणि ड्रायर पुन्हा फिरलाच नाही, तर लगेच तालुक्याहून मेकॅनिक बोलावू नका. आधी काही गोष्टी घरीच पाहा.

प्रत्येक वेळी यंत्रात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा. हात कोरडे असावेत, पायात चप्पल असावी.

आता दोष दोन तऱ्हांचे. पहिला, काहीच आवाज येत नाही. अशा वेळी सॉकेटमध्ये लाइट आहे का पाहा. मग झाकण नीट दाबून लावा. झाकणाखाली एक स्विच असतो. झाकण पुरते बसल्याशिवाय तो वीज पुढे जाऊ देत नाही. एकामागून एक खेपा काढल्या असतील तर मोटार तापून तिचे संरक्षण तिला बंद करते. अर्धा-पाऊण तास थांबा. निवल्यावर ती आपोआप चालू होते.

दुसरा, नुसता घूं घूं आवाज येतो, पण टब हलत नाही. बटण ताबडतोब बंद करा. न फिरणाऱ्या मोटारीत वीज खेळत राहिली तर तिची वाइंडिंग जळते. प्लग काढून झाकण उघडा. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर सारखे पसरा, वर जाळीची चकती दाबून बसवा. गोधडी किंवा वाकळ ड्रायरमध्ये घालूच नये. एखादा हातरुमाल वा परकराची नाडी टबाबाहेरच्या फटीत गेली आहे का, तेही पाहा.

सांडपाण्याची नळीही तपासा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्याचे मोल सांगायला नको. हे पाणी बादलीत धरणे चांगलेच. पण नळीचे तोंड उंच राहिले तर पाणी मागे तुंबते, टब पाण्यातच अडकतो आणि वेग घेत नाही. नळी जमिनीलगत ठेवून पाणी उथळ घमेल्यात धरा.

संध्याकाळी दाब कमी असतो. एलईडी दिव्यावरून तो कळत नाही, पंख्यावरून कळतो. २३० व्होल्टचा दाब १६० वर आला तर मोटारीचा जोर निम्म्यावर येतो. पंखा रेंगाळत असेल तर कपडे सकाळवर ढकला.

शेवटची परीक्षा अशी: प्लग काढलेला असताना टब हाताने फिरवून पाहा. झाकण उघडे असताना ब्रेक लागलेला असतो, म्हणून झाकणाची कळ दाबून धरावी. तरीही टब जड वाटला तर ब्रेकची तार ढिली झाली असेल, किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार खालच्या सीलमध्ये साचला असेल. टब सहज फिरतो, दाबही पुरेसा आहे, तरी मोटार घूं घूं करते, तर बहुधा कपॅसिटर गेला आहे. तो मोटारीच्या मानाने फार स्वस्त असतो. म्हणून "मोटार जळाली" असे कोणी म्हटले तर "आधी कपॅसिटर बदलून पाहा" असे सांगा. स्वतः मात्र त्याला हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते.

एक गोष्ट कधीही होऊ देऊ नका. स्विच बिघडला की काही जण तो काढून तारा थेट जोडून देतात. मग झाकण उघडे असतानाही टब जोरात फिरतो. घरात लेकरे असतात. कुतूहलाने हात आत गेला आणि कपड्याचा पीळ मनगटाला बसला, तर हाड मोडायला क्षण पुरतो. नवा स्विच मिळेपर्यंत कपडे हाताने पिळा, पण "डायरेक्ट" केलेले यंत्र घरात चालवू नका.

तीन पिनांच्या प्लगची जाड पीन अर्थिंगची असते. ती कापू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालत जा. त्यासाठी कपडे धुतलेले पाणीही चालते.