आप्त कोणास म्हणावे?

हातकणंगले तालुक्यात रुग्ण तपासताना एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानी आली आहे. अम्लपित्ताच्या रुग्णास रात्रीचे जेवण लवकर घेण्यास सांगितले, तर औषधाच्या पुड्या संपेपर्यंत तो ते पाळतो. पुड्या संपल्या की पुन्हा दहा वाजताचे ताट. याच तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर आहे. त्या परिसरातील कित्येक जैन शेतकरी कुटुंबांत सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. हे त्यांना कोणा वैद्याने सांगितलेले नसते. परगावी, पाहणारे कोणी नसतानाही त्यांचा नेम सहसा मोडत नाही. माळकऱ्याचेही तसेच. गळ्यात तुळशीची माळ आली की मद्य सुटते. व्यसनमुक्तीवरील आमची व्याख्याने ऐकून किती जणांचे सुटले, हे न विचारलेले बरे!

भयाने वा लाभासाठी केलेले पालन वेगळे आणि मनाने आत्मसात केलेले आचरण वेगळे, हा भेद हर्बर्ट केलमन या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडला. पुढे जॉन टर्नर यांनी त्यास समूहाची जोड दिली. ज्या समूहाचे आपण स्वतःस समजतो, त्याचे म्हणणे आत उतरते. परक्यापुढे मान तुकते, मन तुकत नाही.

चरकाचार्यांनी आप्त म्हटले ते रज-तमापासून मुक्त झालेल्या ज्ञानी पुरुषांना. मराठीत मात्र आप्त म्हणजे नात्यागोत्याची माणसे, आणि रुग्ण ऐकतो तो या दुसऱ्या आप्तांचे. म्हणून पथ्य सांगताना घरातील वडीलधारी व्यक्ती किंवा भजनी मंडळातील सोबती समोर बसवून घ्यावा, असे आमचे मत आहे.

येथवर वैद्यबंधूंचे एकमत होईल. परंतु हाच न्याय आपणांसही लागू आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. आपल्यापैकी अनेकांनी, आम्हीही त्यात आलोच, तो मूळ लेख न वाचताच 'परकीयांचा डाव' म्हणून बाजूस सारला. शोधन-मारणाच्या आधारे आक्षेप घेता येत होता. पण तो आम्हांस नंतर सुचला, नकार आधी आला होता. हितकर वचन शत्रूच्या मुखातून आले तरी बुद्धिमंताने ऐकावे, हे विमानस्थानात आपण सर्वांनीच वाचलेले आहे.

निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी शासनाने जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. सक्ती होती तेथे पालन झाले. आम्ही मात्र आमच्या दवाखान्यातील औषधांचा तपासणी अहवाल पुरवठादाराकडे मागितला, तो पुष्कळ उशिरा. तो गृहस्थ आश्चर्याने म्हणाला, "डॉक्टर, माल परदेशी पाठवायचा आहे काय?"