शब्द वाढवा, विचार वाढेल

विलेपार्ल्याच्या नेहरूनगरातून, विमानतळालगतच्या वस्त्यांतून मराठी माध्यमाची कितीतरी मुले-मुली दहावी होऊन कॉलेजात जातात. मेहनतीत ती कुणाच्या मागे नसतात. पण वर्गात इंग्रजीतून व्याख्यान सुरू झाले की त्यांची मान खाली जाते. आईबाप विचारतात, पोरांचे इंग्रजी शब्द वाढवायचे कसे? क्लासला पैसे नाहीत आणि डिक्शनरी पाठ करून चार दिवसांत विसरायला होते.

आमचे सांगणे असे की, एक चांगली कादंबरी हाती घ्या आणि ती सोडू नका. जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' घ्या. हा लेखक आपल्याच देशात, बिहारमधील मोतिहारी येथे, २५ जून १९०३ रोजी जन्मला. पुढे ब्रह्मदेशात त्याने पाच वर्षे पोलिसांत नोकरी केली आणि साम्राज्याचा जुलूम आतून पाहिला. त्याची वाक्ये सरळ आहेत, शब्द मात्र वजनदार आहेत.

या कादंबरीतले सरकार दरवर्षी भाषेतले शब्द कमी करते. त्या छाटलेल्या भाषेचे नाव 'न्यूस्पीक'. 'गुड' असताना 'बॅड' कशाला, 'अनगुड' म्हटले की भागले! सरकारचा हिशेब असा की, अन्यायाला शब्दच उरला नाही तर अन्यायाविरुद्ध विचारही उरणार नाही. सत्याच्या खात्यात जुनी वर्तमानपत्रे बदलून खोटे छापले जाते. त्या कामाला 'रेक्टिफाय' असा सभ्य शब्द आहे. रेक्टिफाय म्हणजे चूक दुरुस्त करणे. सभ्य शब्दामागे काय दडते, हे शिकणे हाही इंग्रजीचाच धडा आहे.

न्यूस्पीकचा कोश करणारा साईम एके दिवशी नाहीसा होतो. बुद्धिबळ समितीच्या छापील यादीतून त्याचे नाव गेलेले असते, आणि त्याची आठवणही कुणी काढत नाही. अशा माणसाला तेथे 'अनपर्सन' म्हणतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ॲनेक्श्चरच्या यादीवर बोट फिरवून आपले नाव शोधणाऱ्या कुटुंबांना हा शब्द दोनदा समजावून सांगावा लागणार नाही.

शब्द सुटे सुटे पाठ करू नका, त्यांचे मूळ धरा. कादंबरीत 'ऑर्थोडॉक्सी' हा शब्द येतो. हॉस्पिटलात 'ऑर्थोपेडिक' ही पाटी आपण पाहतोच. 'ऑर्थो' म्हणजे ग्रीक भाषेत सरळ, 'डॉक्सा' म्हणजे मत. ठरवून दिलेल्या मतावर सरळ चालणे ती ऑर्थोडॉक्सी. कादंबरीत कष्टकऱ्यांना 'प्रोल' म्हटले आहे. 'प्रोलेटेरियट' या शब्दाचे ते तोकडे रूप. लॅटिनमध्ये 'प्रोलेस' म्हणजे संतती. रोममध्ये ज्यांच्याजवळ मुलांशिवाय काही नव्हते ते हे लोक. 'आर्की' म्हणजे सत्ता : एकाची ती मोनार्की, मूठभरांची ती ऑलिगार्की, कुणाचीच नाही ती ॲनार्की. एका मुळाला तीन शब्द लागले.

रीत सोपी आहे. आधी ऑर्वेलचीच १९४५ सालची 'ॲनिमल फार्म' वाचा. ती लहान आणि सोपी आहे. 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये छळाचे प्रसंग आहेत, म्हणून ती अकरावीनंतर घ्यावी. रोज चार पाने वाचा. पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता अर्थाचा अंदाज करा, मग पडताळा. रोज पाचच शब्द वहीत लिहा आणि प्रत्येकाचे एक वाक्य आपल्या चाळीतले, आपल्या घरातले करा. रविवारी ताईने धाकट्या भावाला ते शब्द मराठीत समजावून सांगावेत. जो समजावतो त्याचे पक्के होते. लेखक १९५० साली वारला. साठ वर्षांनी आपल्याकडे या पुस्तकांचा कॉपीराइट संपला, त्यामुळे स्वस्त प्रती निघाल्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि ग्रंथालयांतही चौकशी करावी.

ही कादंबरी ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटना समितीत भाषण केले. घटनाबाह्य मार्गांना त्यांनी 'ग्रामर ऑफ ॲनार्की' म्हटले, आणि राजकारणातली व्यक्तिपूजा शेवटी हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. लंडनमधला लेखक आणि दिल्लीतले घटनाकार एकाच वर्षी एकाच धोक्याबद्दल बोलत होते. ते भाषण मूळ इंग्रजीत आहे. आपण ते बहुधा मराठीतून, तुकड्या-तुकड्यांनी ऐकतो. वही भरत आली की आपल्या मुला-मुलींच्या हाती ते संपूर्ण भाषण द्या. कुणी अर्थ सांगण्याची वाट न पाहता ती स्वतः ते वाचतील, आणि पटले नाही तर प्रश्नही विचारतील. शब्द शिकायचे ते यासाठीच.